इंदूर : घरातली १० मीटर एअर रायफल रेंज, काय घरी बनवता येईल?

लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे आणि १० मीटर एअर रायफल मनापासून खेळते. शाळा, शिकवणी आणि क्लब यांचं गणित रोज जमत नाही, म्हणून घरीच सरावाची सोय करायची ठरवली आहे. नारायणबागेत सासऱ्यांचं जुनं घर आहे. देवडीपासून मागच्या न्हाणीघराच्या भिंतीपर्यंत सरळ बोळ आहे, भिंत ते भिंत साडेअकरा मीटर. जागेचा प्रश्न सुटला, सामानाचा नाही. रायफल ४.५ मिमीची, सिलिंडरमध्ये हवा भरून चालणारी, जुनी घेतलेली पण चांगल्या स्थितीतली आहे.

अडलेल्या गोष्टी अशा. छर्रे झेलायला पेटी हवी. लक्ष्याचं कार्ड बदलायला तिला प्रत्येक वेळी बोळभर चालत जावं लागतं आणि लय मोडते. बोळात उजेड कमी आहे. आणि सिलिंडर भरून ठेवला की रायफल न वापरताही दाबाचा काटा हळूहळू खाली येतो. तयार सामानाचे भाव ऐकून धडकी भरली. सियागंजात, जेल रोडवर मिळणाऱ्या वस्तूंतून काय काय जमवता येईल? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. नवऱ्याला ड्रिल मशीन चालवता येतं, आणि घरात चिकाटी भरपूर आहे.

महूकर

ताई, आधी बोळ, मग सामान.

बोळात मध्येच उघडणारं दार आहे का? असेल तर सराव चालू असताना त्याला आतून कडी लागलीच पाहिजे. पडदा किंवा "आत येऊ नका" अशी पाटी चालणार नाही. घरातलं लहान मूल पाटी वाचत नाही. न्हाणीघराच्या भिंतीत खिडकी किंवा झरोका असेल तर तोही बंद करून घ्या.

दुसरं, सेफ्टी फ्लॅग. नळीतून आरपार जाणारी रंगीत दोरी, रायफल रिकामी आहे हे दाखवणारी. एअर रायफलसाठी ती नळीच्या पूर्ण लांबीची असावी लागते आणि तोंडातून बाहेर दिसावी लागते. स्पर्धेत तसा नियमच आहे. गवत कापायच्या मशीनची नारंगी नायलॉन तार मिळते, ती ४.५ मिमीच्या नळीतून सहज जाईल अशा जाडीची घ्या. टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करा, म्हणजे नळीत ओरखडा उठणार नाही. दोन-तीन करून ठेवा, कारण हरवतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. मी महूत राहतो आणि या खेळाच्या सामानाची दुरुस्ती बरीच वर्षं जवळून पाहिली आहे. लंडन ऑलिंपिकचे रौप्यविजेते नेमबाज विजयकुमार आणि नंतर जितू राय आमच्याच गावच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये (लष्कराच्या नेमबाजी पथकात) घडले, त्यामुळे गावात या विषयाचा आदर आहे. मी एकच रेघ पाळतो. बंदुकीच्या बाहेरचं सगळं घरी बनवा, बिनधास्त बनवा. जिथे हवा कोंडलेली आहे किंवा स्प्रिंग दाबलेली आहे, तिथे घरगुती जोडकाम नको.

लेथवाला

पेटीबद्दल मी लिहितो. पोलोग्राउंडला आमचं छोटं वर्कशॉप आहे, क्लबच्या मुलांसाठी अशा पेट्या करून दिल्या आहेत.

छर्ऱ्याचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम, वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर. म्हणजे ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण सरळ उभ्या लोखंडी पत्र्यावर तो आपटला तर त्याचे कण उलट नेमबाजाकडे येतात. म्हणून पत्रा तिरपा हवा.

प्लायवूडची पेटी, समोरचं तोंड ३० बाय ३० सेंटिमीटर. आत ३ मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) पत्रा ४५ अंशात, वरची कड नेमबाजाकडे आणि खालची कड मागे. इथे बरेच जण उलट बसवतात आणि मग छर्रे छताकडे जातात. वरची कड पुढे असली की आदळलेला छर्रा खाली वळतो आणि तळाच्या ट्रेमध्ये पडतो. ट्रेमध्ये बोटभर वाळू टाका, आवाज मरतो. पेटीच्या तोंडावर ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या रबराचे दोन पडदे लावा, एकामागे एक, मध्ये थोडी जागा सोडून. पहिल्या पडद्याला कार्डाएवढी खिडकी कापा, दुसरा अखंड ठेवा. छर्रा रबरातून आत जातो, पण उडालेले कण बाहेर येत नाहीत. दुसरा पडदा झिजला की बदलायचा.

पेटीच्या मागे भिंतीवर दीड-दोन मीटर रुंद प्लाय आणि त्यावर जुनी सतरंजी लावा. नवीन नेमबाजाचा एखादा छर्रा पेटी चुकवतोच.

बालआरोग्य

लेथवाले दादांच्या पेटीत एक बदल सुचवते. लोखंडावर आदळलं की शिशाची बारीक धूळ होते. घर आहे, घरात मुलं आहेत. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. कुठलीच पातळी सुरक्षित मानलेली नाही. तेव्हा पत्रा शेवटचा अडसर म्हणून ठेवा आणि त्याच्या पुढे छर्रा मऊपणे अडवणारं काहीतरी भरा. रबराचे तुकडे घट्ट भरलेली पिशवी उत्तम. छर्रा त्यात रुततो, फुटत नाही, धूळ जवळजवळ होत नाही.

आणि काही सवयी, ज्यांना पैसे लागत नाहीत. बोळ कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडल्याने धूळ हवेत जाते. सरावाच्या जागी खाणं-पिणं नाही, छर्रे तोंडात धरणं तर मुळीच नाही (मुलांना ही सवय असते, पटकन हाताशी यावेत म्हणून). नंतर हात साबणाने, गार पाण्याने धुवायचे. सरावाचं जॅकेट आणि पँट घरच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका. घरात रांगतं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर पेटी उघडायचं काम त्यांच्यापासून दूर, मोकळ्या हवेत करा.

लेथवाला

ताई, पटलं. रबर भरलेली पिशवी पुढे, पत्रा मागे, असंच करू. पिशवी भरण्यासाठी टायर रिट्रेडिंगवाल्याकडे रबराचा चुरा मिळतो. फक्त टायरमधली तार त्यात नको, चुंबक फिरवून काढून घ्या. तारेवर आदळलं तर पुन्हा उलट येण्याचा धोका.

सुतारपक्षी

कार्ड आणायची गाडी. माझा आवडीचा विषय, त्यामुळे लांबलं तर चालवून घ्या.

बहुतेक लोक एक दोरी, दोन पुली आणि त्याला चिमटा एवढंच करतात. मग कार्ड दोरीभोवती गिरकी घेतं आणि पंख्याच्या वाऱ्यानेही हलतं. एकाऐवजी दोन तारा ताणा, आडव्या पातळीत, हातभर अंतरावर. २ मिमीची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार पुरते. एका टोकाला भिंतीत हूक, दुसऱ्या टोकाला टर्नबकल (फिरवून तार ताणायचा स्क्रू). या दोन तारांवर पडद्याच्या रॉडचे चार प्लास्टिक रोलर लावलेली प्लायची पट्टी धावते आणि तिला खाली कार्डाची चौकट. दोन तारांमुळे चौकट फिरूच शकत नाही.

तार झोल खाते याची अनेकांना काळजी वाटते. हिशेब केला तर २ मिमीची तार मीटरला साधारण २५ ग्रॅम भरते. १० मीटरच्या अंतरात ३० किलो ताण दिला तर मध्यभागी झोल जेमतेम १ सेंटिमीटर. आणि तो मध्यभागी. कार्ड तर अगदी टोकाला थांबतं, तिथे झोल नगण्य. तेव्हा तार सतारीसारखी ताणून भिंतीतला हूक उपटून घेऊ नका. जुन्या घरांच्या विटा-मातीच्या भिंतींना ताण सोसत नाही. हूक भिंतीत ठोकण्यापेक्षा जमीन ते छत असा लाकडी खांब उभा करून त्यात बसवा.

टोकाला कार्ड दर वेळी त्याच जागी थांबायला हवं. पेटीच्या वरच्या कडेला कपाटाच्या दाराचे दोन मॅग्नेट कॅच आणि चौकटीला लोखंडी पट्टी. टक् असा आवाज येतो आणि चौकट बसते. हे काम अगदी स्वस्तातलं, पण सगळ्या यंत्रणेत सगळ्यात उपयोगी हेच.

ओढायला वेणीची मासेमारीची दोरी घ्या. साधी नायलॉन दोरी ताणली जाते आणि पावसाळ्यात आणखी सैल पडते. मोटरच्या नादी लागू नका. गाडीची १२ व्होल्टची वायपर मोटर लोक लावतात, पण तिला दोन्ही टोकांना थांबवणारे स्विच लागतात, वायरिंग लागतं, आणि एक स्विच अडकला की चौकट पेटीवर जाऊन आपटते. नेमबाजाच्या डाव्या हाताशी सायकलची रिम बसवा, तिच्या खाचेतून दोरी फिरवा. दोन हात फिरवले की कार्ड समोर.

मापं. नेमबाज उभा राहतो त्या रेघेपासून कार्डापर्यंत १० मीटर आणि कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर, ५ सेंटिमीटर इकडेतिकडे चालतात. जुन्या घराची फरशी उतरती असते, पाणी मागे जावं म्हणून. ही उंची नेमबाज उभा राहतो त्या जमिनीपासून धरायची, लक्ष्याखालच्या फरशीपासून नाही. पाण्याची नळी (पारदर्शक, दोन्ही टोकांत पाणी समपातळीत राहतं ती) वापरून माप घ्या.

लोकमान्यनगर

सुतारपक्षी, किती मनापासून लिहिलंत! फरशी खरंच उतरती आहे, मोजल्यावर कळलं. मॅग्नेट कॅच आजच आणते.

स्कीम७८

माझ्याकडे फ्लॅटमध्ये सात मीटरच आहेत. मुलगा सरावच करू शकणार नाही का?

सुतारपक्षी

करू शकेल. कार्ड ७० टक्के आकारात छापून घ्या. मूळ काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, तो २१.३५ मिमी होईल, म्हणजे डोळ्याला तेवढाच दिसेल. उंची मात्र १.४० ठेवू नका. समजा मुलाचा डोळा १.५५ मीटरवर आहे. १० मीटरमध्ये नजर १५ सेंटिमीटर खाली उतरते, तर ७ मीटरमध्ये साडेदहा. म्हणजे कार्डाचा मध्य १.४४५ मीटरवर टांगा. असं केलं तरच मान आणि रायफल यांची ठेवण स्पर्धेतल्यासारखी राहते.

गुण मोजू नका. वर्तुळं लहान झाली पण छर्रा ४.५ मिमीचाच राहिला, त्यामुळे वर्तुळाला स्पर्श सहज होतो आणि गुण फुगतात. लहान अंतर उभं राहण्याच्या, श्वासाच्या आणि घोडा दाबण्याच्या सरावासाठी ठेवा.

उजेडवाडी

उजेडाचं थोडक्यात. लक्ष्यावर किमान १५०० लक्स आणि बाकी जागेत किमान ३०० लक्स असावा असा नियम आहे. फोनवरचं अ‍ॅप अंदाज देतं, तेवढा पुरतो. दोन छोट्या एलईडी ट्यूब कार्डाच्या पुढे वर आणि खाली, तिरप्या. दोन्हींपुढे प्लायची पट्टी, म्हणजे ट्यूब नेमबाजाच्या डोळ्यात येत नाही. बोळ पूर्ण काळोखा ठेवून फक्त लक्ष्य उजळू नका. बाहुली मोठी होते आणि डोळा लवकर दमतो.

भंवरकुआँ

सिलिंडर गळतोय ना? गळती काढत बसण्यापेक्षा वारंवार भरून घ्या. वेल्डिंगच्या दुकानात मोठे सिलिंडर असतात, एक कनेक्टर लेथवर करून घेतला की मिनिटात भरून मिळतं. एका ओळखीच्याने विचारलं होतं, दुकानदार तयार होता.

महूकर

नाही. कृपया हे कोणीही करू नका. धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने हा प्रतिसाद वाचावा म्हणून वेगळा लिहितो.

वेल्डिंगच्या दुकानातला तो मोठा सिलिंडर बहुधा ऑक्सिजनचा असतो. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये, झडपेत, ओ-रिंगवर (जोडातून हवा अडवणाऱ्या रबरी कडीवर) ग्रीस किंवा तेलाचा अंश असतोच. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन जोरात आत शिरला की आतला वायू एकदम दाबला जाऊन तापतो आणि ते ग्रीस, ते रबर, काही वेळा धातूसुद्धा पेट घेतो. ठिणगीची गरज लागत नाही. सिलिंडर हातात, गालापासून वीतभर अंतरावर असतो.

दुसरी गोष्ट, लेथवर करून घेतलेला कनेक्टर. या रायफलींचे सिलिंडर बहुतेक २०० बारला भरतात. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार असतात. आतला व्यास ३ सेंटिमीटर धरला तर टोकावर येणारा जोर १४०० किलोच्या पुढे जातो. कुठल्या धातूचा, कुठल्या आट्यांचा, किती आटे पकडलेत हे न तपासलेला कनेक्टर एवढ्या जोरासमोर उभा करायचा का?

सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, गाळलेली हवा. एकतर पाण्याखाली पोहणाऱ्यांच्या (स्कूबा) सिलिंडरवरून, दाब दाखवणारं गेज असलेल्या योग्य कनेक्टरने, नाहीतर तीन टप्प्यांच्या हातपंपाने. आणि ताई, तुमची रायफल जुनी आहे म्हणालात. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरांना बनवणारे बहुधा १० वर्षांची मुदत देतात. ती उलटली असेल तर गळतीचा विचारच करू नका, सिलिंडर बदला. स्पर्धेत तपासणीची जबाबदारी खेळाडूवर असते.

भंवरकुआँ

महूकर काका, ऑक्सिजनचं हे माहीत नव्हतं. त्या ओळखीच्यालाही आत्ताच फोन करून सांगतो.

लोकमान्यनगर

तारीख पाहिली, मुदतीला अजून अवकाश आहे. हुश्श. मग गळती कुठून असेल?

लेथवाला

शोधायची रीत सोपी. सिलिंडर रायफलीवरून काढून, भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी रंगाच्या ब्रशने झडपेच्या तोंडावर लावा. बुडबुडे तिथे आले तर सिलिंडरची झडप. आले नाहीत तर सिलिंडर काही काळ वेगळा ठेवा आणि मग गेज बघा. वेगळा ठेवल्यावर काटा जागचा हलला नाही, तर दोष रायफलीकडच्या जोडात.

जोडातली ओ-रिंग बहुतेक वेळा गुन्हेगार असते. ती कापून, चपटी होऊन जाते. सियागंजात हायड्रॉलिक सीलच्या दुकानात नायट्राइल रबराची मिळते, अगदी स्वस्तात. जुनी रिंग घेऊन जा आणि आतला व्यास आणि जाडी दोन्ही व्हर्नियरने मोजून घ्या. "साधारण एवढी" चालत नाही. कडकपणाही विचारा, उच्च दाबाला ९० शोअरची लागते, नेहमीची ७० ची दिली तर ती फटीत ढकलली जाऊन चिरते. बसवताना टोकदार पेचकस वापरू नका, लाकडी टूथपिक घ्या. सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर.

महूकर

यात माझा थोडा मतभेद आहे. रायफल आणि सिलिंडर यांच्या जोडावरची बाहेरची ओ-रिंग बदलायला हरकत नाही, माहितीपत्रकात तिचं माप दिलेलं असतं आणि ती खेळाडूनेच बदलावी अशी अपेक्षा असते. पण सिलिंडरची झडप आणि रायफलीतला रेग्युलेटर (दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) उघडणं वेगळं. तिथे बसणाऱ्या रिंगा बाजारातल्या असल्या तरी उघडण्याआधी दाब पूर्ण शून्य झालाय याची खात्री घरच्या माणसाला देता येत नाही.

लेथवाला

मी ते उघडतो, पण माझ्याकडे गेज आणि दाब सोडायची सोय आहे. घरी करू नये, हे बरोबर. साबणाचं पाणी झडपेवर बुडबुडे दाखवत असेल तर ताईंनी सिलिंडर दुरुस्ती केंद्राकडेच पाठवावा.

आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप, एम-सील, फेव्हिक्विक यातलं काहीही नको. या जोडात हवा आटे अडवत नाहीत, ओ-रिंग अडवते. टेपचा एक तुकडा झडपेत शिरला की मग खरी गळती सुरू होते.

रावपुरा_बडोदे

आमच्याकडे मुलगी एअर पिस्तूल खेळते. तिथे घोडा दाबायला किमान ५०० ग्रॅम जोर लागला पाहिजे असा नियम आहे, आणि स्पर्धेत वजन टांगून तपासतात. तपासणीचं वजन महाग मिळतं. आम्ही औषधाची प्लास्टिक बाटली घेतली, झाकणाला जाड तारेचा हूक केला, हुकाच्या वाकावर रबराची नळी चढवली, आणि बाटलीत पाणी भरून बाटली-हूक-पाणी मिळून बरोबर ५०० ग्रॅम केलं. पिस्तूल रिकामं, नळी सरळ वर, हूक घोड्याच्या मध्यावर, आणि बाटली टेबलावरून हळू उचलायची. उचलली गेली आणि घोडा सुटला नाही तर पास. आम्ही थोड्या पाण्याची भर टाकून ५१० ला लावतो, म्हणजे हवामानाने थोडा फरक पडला तरी काळजी नको.

उजेडवाडी

वा! इंदूरकरांनी ही बाटली सराफ्यात दिवसा नेऊन एखाद्या ओळखीच्या पेढीवर वजन करून घ्यावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच ग्रॅमचा फरक सहज असतो, सोनाराच्या काट्यावर नाही. झाकण लाखेने बंद करा, नाहीतर पाणी उडून वजन घटतं.

मालवामिल

माझ्याकडे नळी मोडून भरायची जुनी स्प्रिंगची एअरगन आहे, आजोबांच्या वेळची. जोर गेलाय. तिच्या पिस्टनला चामड्याचा वॉशर असतो असं ऐकलंय. सायकलच्या पंपाचा बसेल का?

लेथवाला

माप जुळलं तर चामडं तेच. पण आधी वॉशर वाळलाय का बघा. नळीच्या मागच्या हवेच्या भोकातून सिलिकॉन तेलाचे दोन थेंब सोडा, बंदूक उभी करून रात्रभर ठेवा. बऱ्याचदा एवढ्यानेच जोर परत येतो. मशीनचं तेल घालू नका. पिस्टन दाबतो तेव्हा हवा इतकी तापते की ते तेल पेटतं, मोठा आवाज होतो आणि वॉशर जळतो. छर्रा न भरता चालवूही नका, समोर हवेची गादी नसली की पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

वॉशर बदलायचाच असेल तर स्प्रिंग बाहेर काढावी लागते आणि ती आत दाबलेली असते. मागचं बूच सोडलं की तोंडावर उडू शकते. त्यासाठी सुतारांचा लांब शिकंजा लावून बूच धरून ठेवून हळूहळू ढिलं करतात. कोणाचं तरी बघितल्याशिवाय करू नका. माझ्याकडे घेऊन या.

देवासरस्ता

एअरगनचं चाललंय म्हणून विचारतो. वाड्यातल्या पेटाऱ्यात गोळ्या ओतायचा पितळी साचा सापडलाय, पकडीसारखा, कडेला जास्तीचं शिसं कापायची पात आहे. बिजागरी खिळखिळी आहे. शिवाय काडतुसं भरायची हातयंत्रंही आहेत. काकांकडे १२ बोअर बंदुकीचा परवाना आहे. साचा दुरुस्त करून, रेंजवरचं शिसं वापरून काही ओतता येईल का? काडतुसं भरता येतील का?

महूकर

दादा, इथे थांबा. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवायचा परवाना वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आणि त्या कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्री येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून असं काही बनवण्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. काकांनी नवीन काडतुसं परवान्यावर दुकानातून घ्यावीत.

पेटाऱ्यातल्या वस्तू दुरुस्त करू नका, विकूही नका. आहेत तशा ठेवून वकिलाला दाखवा आणि त्याच्या सल्ल्याने कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत लेखी कळवा. जुन्या घराण्यांत अशी हत्यारं निघतात, आपण होऊन कळवलेलं बरं. एअर रायफल मात्र यात येत नाही, ४.५ मिमी आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. म्हणून तर हा धागा मोकळेपणाने चालू आहे.

देवासरस्ता

समजलं. हातही लावत नाही. उद्याच वकिलांना भेटतो.

मालवामिल

मग पेटीत जमा होणाऱ्या शिशाचे निदान ओळंबे तरी ओतावेत का? गवंड्यांना लागतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं, शेगडीवरही होईल.

बालआरोग्य

घरी नको. वितळलेल्या शिशावर जी राखाडी साय येते ती ऑक्साइड, ती खरवडताना सगळ्यात जास्त धूळ उडते. शेगडी तीच स्वयंपाकाची असते, चमचा तोच भांड्यांत परत जातो. आणि पेटीतल्या छर्ऱ्यांमध्ये ओलावा राहिला असेल, तर वितळलेल्या शिशात पडताच त्याची वाफ होते आणि शिसं चेहऱ्यावर उसळतं. इंदूरच्या पावसाळ्यात बोळातलं काय कोरडं असतं?

छर्रे झाकणाच्या डब्यात साठवा आणि धातूच्या भंगारवाल्याला "शिसं" असं सांगून द्या. पुसायची फडकी, झिजलेलं रबर हे घातक कचऱ्याच्या डब्यात. आपल्या शहरात कचऱ्याच्या गाडीला त्याचा वेगळा कप्पा आहे, त्याचा उपयोग करा.

सुतारपक्षी

अनुमोदन. आणि दोन छोट्या गोष्टी, वरच्या चर्चेत राहिलेल्या. शॉटच्या मधल्या वेळात रायफल टेकवायला स्टँड: जुना कॅमेऱ्याचा तिपाई, वर ३ इंची पीव्हीसी पाइपचा अर्धा कापलेला तुकडा, आत सायकल ट्यूब चिकटवलेली. स्पर्धेत हा स्टँड नेमबाजाच्या खांद्यापेक्षा उंच चालत नाही, घरीही तसाच ठेवा. आणि न वापरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी: दुधी रंगाच्या प्लास्टिक फायलीतून ३० मिमी रुंद कापा, जास्त नाही. डोळा मिटून नेम धरण्यापेक्षा दोन्ही उघडे ठेवून एकासमोर दुधी पट्टी असली की चेहरा सैल राहतो.

लोकमान्यनगर

पेटी झाली, रबराच्या पिशवीसकट. तारांवरची गाडीही धावते आणि मॅग्नेटवर टक् करून बसते. मुलगी खुशीत आहे. साबणाच्या पाण्याने बुडबुडे जोडावर दाखवले, झडपेवर नाही. ओ-रिंग ९० शोअरची, माहितीपत्रकातल्या मापाची आणली, बदलली, आता काटा जागेवर आहे. बोळाच्या दाराला आतून कडी बसवली. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटची एक शंका. हातपंप घेतोय. पावसाळ्यात हवेत एवढी आर्द्रता असते, ते पाणी सिलिंडरमध्ये जाणार का?

महूकर

जातं. हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, म्हणून पंपाला पाणी अडवणारा फिल्टर लागतोच. हवा आत ओढतो त्या बाजूला सिलिका जेलची नळी लावा, रंग बदलणारे दाणे घ्या. रंग बदलला की कढईत मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात, कढई मात्र त्यासाठी वेगळी. पंप मारताना मध्येमध्ये थांबून नळी गार होऊ द्या, आणि प्रत्येक थांब्याला तळाचा स्क्रू सोडून साचलेलं पाणी काढा.